नाक

बहोडापूरच्या ट्रान्सपोर्टनगरात जानेवारीत
धुकं शटरच्या आत येऊन बसतं, उधारीच्या गिऱ्हाइकासारखं.
त्यात हाकिमसिंग तोमरचा दहाचाकी.
दिवा पिवळा, जोर निम्मा.
नूराबादच्या पुलावर ट्रॅक्टर पुढे काढून गेले, म्हणतो.

लॅपटॉप जोडला. कोड तोच:
सायलेन्सरच्या शेवटच्या टोकाला नॉक्स जास्त.
यावर दोन सेन्सर बदलून झालेत,
एक झाशीत, एक आग्र्यात.
दुसऱ्याचे पैसे मालकाने पगारातून कापले.
ती पावती हाकिमने चार घड्या घालून
केबिनमधल्या देवाच्या फोटोमागे खोचलीय.

तात्या धूर बघून सांगायचे.
काळा म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय,
पांढरा, गोडसर, म्हणजे हेडगॅस्केट गेलं.
निदान मराठीत, बिल हिंदीत,
आणि दोन्ही हात धुवायच्या आधी तयार.
आता धूरच नाही.
काजळीची जाळी, मग युरियाची फवारणी,
मग पोळ्यासारखी भोकाभोकांची वीट,
आणि बाहेर जे पडतं ते सभ्य माणसाच्या बोलण्यासारखं,
काही कळू न देणारं.

उरतो वास.
माझं नाक त्या तापात गेलं, परत आलं नाही.
घरी बरेच दिवस बोललो नव्हतो.
माझ्यासमोर आमटी करपली आणि मी पेपर वाचत बसलो,
तेव्हा कळलं सगळ्यांना.

म्हणून देवरतनला हाक मारली.
पोरगा पाइपाशी वाकला, डोळे पुसत मागे आला.
‘उस्ताद, बकऱ्या बांधतात ना, तिथला वास.’

तेवढं पुरे होतं.

फवारणीचा प्लग काढला, गाडी रेसवर ठेवली.
औषध बंद केलं की दुखणं वाढायला हवं.
आकडा उतरायला लागला.
चारशे दहा. तीनशे. एकशे ऐंशी.
नव्वद.
हाकिम म्हणाला, झाली ना बरी?
म्हटलं, थांब जरा.
एक चहा झाला. विटेत मुरलेलं संपलं असावं,
मग आकडा पुन्हा चढला,
आणि या खेपेला तो खरोखरचा नॉक्स होता.

म्हणजे एवढंच, की त्या सेन्सरला
विष आणि विषावरचा उतारा
यांतला फरक कळत नाही.
नोझल मिटत नव्हतं, युरिया गळत होता,
जास्तीचा अमोनिया विटेतून निसटून येत होता
आणि हा ओरडत होता, नॉक्स, नॉक्स.
ते ऐकून कॉम्प्युटर घाबरायचा, आणखी ओतायचा.
झाशीचा काय, आग्र्याचा काय,
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
त्यांना एकच शब्द येत होता.

नोझल सोडवलं. टोकाला पांढरा खडा,
लहान मुलाच्या पडलेल्या दाताएवढा.
कोमट पाण्यात टाकला तर विरघळला.
आतली सीट मात्र झिजलेली, नवंच घालावं लागलं.

मालकाचा फोन स्पीकरवर:
सेन्सर नवा आहे ना, मग ड्रायव्हरनेच काही ओतलं असणार.
टाकीतलं मी आधीच तपासलं होतं. साडेबत्तीस टक्के, चोख.
तसं सांगितलं. पलीकडे हॉर्न वाजत राहिले.
मग लेटरहेडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं,
सेन्सर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष,
खाली सही, दुकानाचा शिक्का.
असल्या कागदाला किंमत नसते, मला माहीत आहे,
हाकिमलाही. तरी त्याने तो जपून
त्या पावतीत घातला.

जाताना मुरैन्याची गजक ठेवून गेला.
देवरतन डोळे मिटून खातो, म्हणतो,
तीळ आजच भाजलेत, उस्ताद.
असतील.
मला गोड कळतं, आणि दाताखालची कुरकुर.
बाकीचं मी त्याच्या तोंडाकडे बघून खातो.